इंदूरहून नदीच्या लाटेवर: फ्रीस्टाईल कायाकिंगची पहिली सहल

नदीच्या लाटेवर माझी कायाक पहिल्यांदा टिकली ती जेमतेम सहा सेकंद. तिथवर पोचायला मला पावणेदोन वर्षं लागली, आणि त्यातले कितीतरी महिने केवळ क्रम चुकल्यामुळे गेले. रोल, म्हणजे उलटलेली बोट पाण्यातूनच सरळ करणं, येत नसताना मी नदीवर गेले, भलतीच बोट हाती देणाऱ्याकडे पैसे भरले, तीन दिवसांत तीन जागच्या लाटा पाहिल्या आणि एकीवरही धड बसले नाही. इंदुरात हे आधी सांगणारं कुणी मला भेटलं नव्हतं. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हा क्रम लिहून काढते आहे.

तुम्हाला पोहता येतं, पाण्याची भीती नाही, पण कायाकमध्ये कधी बसलेला नाहीत, असं मी धरून चालते. मोबाइलवर इवल्याशा बोटीतून लाटेवर गिरक्या घेणारी माणसं पाहिलीत आणि झोप उडाली, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

माझं सांगणं एकच आहे: एक लाट निवडा आणि तिला चार दिवस द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या चार दिवसांसाठी आहेत.

१. आधी लाट समजून घ्या

समुद्रात लाट किनाऱ्याकडे धावते, पाणी मात्र बरंचसं जागच्या जागी वरखाली होतं. नदीत याच्या उलट. पाणी धावतं आणि लाट जागेवर उभी राहते. उथळ खडकावरून घसरताना पाणी वेग घेतं, पुढे एकदम खोल आणि संथ डोहात शिरतं, तिथे तो वेग जिरत नाही आणि पाणी उसळून वर येतं. त्याच ठिकाणी, दिवसरात्र.

अशा लाटेच्या वरच्या अंगाच्या, म्हणजे पाणी येतं त्या बाजूच्या, उतारावर बोट ठेवली की वजनामुळे ती प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने खाली घसरू पाहते आणि प्रवाह तिला मागे ओढत राहतो. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की बोट किनाऱ्याच्या मानाने थांबते. हा झाला सर्फ. तिथेच थांबून गिरक्या, कोलांट्या, कार्टव्हील करणं म्हणजे फ्रीस्टाईल. स्पर्धेत एका फेरीला ४५ सेकंद मिळतात. २०२३ ची जागतिक स्पर्धा अमेरिकेत कोलंबस इथे झाली, २०२५ ची जर्मनीतल्या प्लाटलिंगला. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. तिथे स्लॅलम असतं, म्हणजे टांगलेल्या दांड्यांमधून बोट काढत वेळ वाचवायची.

लाटांचे ढोबळ दोन प्रकार लक्षात ठेवा. एक गुळगुळीत, काचेसारखी, फेस नसलेली किंवा फक्त माथ्यावर थोडा फेस असलेली. दुसरं होल, जिथे पाणी माथ्यावरून परत मागे कोसळतं आणि फेसाचा ढीग तयार होतो. पहिल्या सहलीला गुळगुळीत लाटच हवी. ती तुम्हाला सहज सोडते. होल धरून ठेवतं.

२. बोटीतून सुटणं आणि रोल: हे जलतरण तलावातच शिका

इथे घाई करू नका. नदीच्या थंड पाण्यात उलटं लटकलेल्या माणसाला नवं काही शिकता येत नाही, फक्त आधी शिकलेलं आठवतं.

पहिला धडा बोटीतून बाहेर पडण्याचा. कमरेला जो स्कर्ट असतो तो बोटीच्या तोंडावर ताणून बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. त्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टा असतो. उलटलात की पुढे वाका, बोटीच्या कडेवरून हात पुढे नेत पट्टा शोधा, आधी पुढे आणि मग वर ओढा, दोन्ही हातांनी कडा ढकलून कंबर बाहेर काढा. डोळे मिटून वीस वेळा करा. माझ्या पहिल्याच नदीच्या दिवशी हा पट्टा स्कर्टच्या आत दुमडून राहिला होता. तो नसल्याचं कळलं तेव्हा डोकं पाण्याखाली होतं. शेवटी गुडघा वर दाबून स्कर्ट बाजूने सोडवला आणि बाहेर आले. वेळ लागला असेल चार-पाच सेकंद, पण तेव्हापासून किनारा सोडण्यापूर्वी मी पट्ट्याला हात लावून तो बाहेर असल्याचं मोठ्याने म्हणते, आणि बरोबरच्या माणसालाही म्हणायला लावते.

मग रोल. उलटलेली बोट पाण्यातूनच सरळ करायची. लोकांना वाटतं की रोल हाताच्या जोरावर येतो. तो येतो कमरेच्या झटक्यावर. तलावाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून, बोट कलती करून, फक्त कमरेने ती सरळ करायचा सराव आठवडाभर करा. डोकं सगळ्यात शेवटी वर यायला हवं. श्वास घ्यायच्या ओढीने आपण डोकं आधी उचलतो आणि बोट परत उलटते. यावर मला उपयोगी पडलेली युक्ती अशी: वल्ह्याचं जे पातं पाण्यावरून फिरतंय त्याच्याकडे शेवटपर्यंत बघत राहायचं. नजर पात्यावर राहिली की डोकं आपोआप खाली राहतं.

इंदुरातल्या तलावांवर बोट घेऊन गेलात तर पहारेकरी बहुधा दारातच अडवतील. पोहण्याच्या वेळेत गर्दीत कुणी परवानगी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. व्यवस्थापकांना आधी लेखी अर्ज द्या, तलाव रिकामा असतो ती वेळ मागा, बोटीचा तळ धुऊन दाखवा. मला दुसऱ्या तलावावर आठवड्यातून एक तास मिळाला आणि तेवढा पुरला.

नदीवर जाण्याआधीची माझी कसोटी: दहांपैकी आठ वेळा रोल यावा, दोन्ही बाजूंनी, आणि कुणीतरी न सांगता उलटवल्यावर.

३. महेश्वर: वाहत्या पाण्याची ओळख

आपल्या घराजवळ नर्मदा आहे. राऊ, महू, मानपूर, धामनोद करत महेश्वर नव्वदेक किलोमीटर. पोहे खाऊन सकाळी सहाला निघालात तर ऊन तापायच्या आत पाण्यावर असाल. घाटापासून खालच्या अंगाला जलकोटीजवळ सहस्रधारा आहे. काळ्या खडकांमध्ये नर्मदा असंख्य धारांत फुटते. २०२३ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा कनू स्लॅलम इथेच घेतलं गेलं. या पाण्यावर वल्हवणारी मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक तुम्हाला इथे भेटतील. त्यांना आधी भेटा, मग बोट उतरवा.

महेश्वरला तुम्हाला फ्रीस्टाईल शिकायचं नाही. तिथे तीन गोष्टी पक्क्या करायच्या आहेत. पहिली, एडी ओळखणं: खडकाच्या आडोशाला पाणी थांबतं किंवा उलटं वर वाहतं, तो तुमचा विसावा. दुसरी, एडीतून धारेत शिरणं आणि परत एडीत येणं. तिसरी, धार आडवी ओलांडणं: बोटीचं नाक वरच्या अंगाला थोडं तिरकं धरायचं आणि खाली वाहून न जाता पलीकडच्या काठाला लागायचं. लाटेवर चढण्याची सगळी विद्या या तिसऱ्या गोष्टीत आहे. मी ती कंटाळवाणी म्हणून टाळली होती आणि पुढे ऋषिकेशला दोन दिवस तीच शिकत बसावं लागलं.

आता सावधगिरी, आणि ही नीट वाचा. नर्मदेचं पाणी वरच्या धरणांच्या हाती आहे. ओंकारेश्वरहून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की इथे पातळी बदलते, आभाळ कितीही निरभ्र असलं तरी. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला अमावस्येच्या स्नानाला जमलेल्या लोकांवर इंदिरा सागरातून सोडलेलं पाणी आलं आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. आपल्याकडच्या ज्या घरांतली माणसं तेव्हा तिथे गेली होती, ती अजून तो दिवस विसरलेली नाहीत. म्हणून काठावर पोचलात की पहिलं काम: पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवा. दर पंधरा मिनिटांनी बघा. दगड बुडाला तर बोट बाहेर काढा. नावाडी दादांना विचारा, आज पाणी कधी येतं. त्यांच्याइतकं खरं उत्तर कुणाकडे नसतं. आणि परिक्रमावासी स्नानाला उतरत असतील तर त्या घाटापासून लांबून जा, ‘नर्मदे हर’ म्हणा आणि त्यांची शांतता मोडू नका.

पावसाळ्यात इथे उतरू नका. चोरल, पातालपाणी, तिंछा या आपल्या सहलीच्या जागाही कायाकसाठी नाहीत. तिथे पूर अचानक येतो. आणि रपटा (नदीतला ठेंगणा पूल) किंवा स्टॉप डॅमखाली दिसणारी सरळ, सारखी, छान लाट कधीही सर्फ करायला जाऊ नका. बंधाऱ्याखालचं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत मागे फिरत राहतं. त्याला बाजूने सुटायला तोंड नसतं, आणि त्यात सापडलेल्या माणसालाही नसतं.

गाडीच्या टपावर बोट बांधताना पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात भणाणतो, सैल होतो, आणि घाटाच्या उतारावर मागे ट्रक असताना थांबून तो आवळायला जागा नसते.

४. कुठे आणि केव्हा

शिकणाऱ्यासाठी माझं उत्तर ऋषिकेश. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात आणि तिथून खाली कौडियाला, ब्यासी, शिवपुरी, ब्रह्मपुरी असा गंगेचा जो पट्टा आहे, त्यात प्रत्येक पातळीचं पाणी आहे. शिक्षक आहेत, भाड्याच्या बोटी आहेत, नदीला लागून रस्ता आहे.

जुलै आणि ऑगस्टमध्ये तिथे राफ्टिंग बंद असतं. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढतं आणि गढूळ होतं. डिसेंबर-जानेवारीत ते इतकं गार असतं की दुसऱ्या रोलनंतर कपाळ दुखायला लागतं. नवख्याने मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य निवडावा. आपल्याकडे रंगपंचमीची गेर झाली की निघायची तयारी करा. दुसरा काळ ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर.

पावसाळ्यात केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यात कोडंचेरीजवळ मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो. चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या नद्या उभ्या उताराच्या आणि खडकाळ आहेत. बघायला जरूर जा, पहिल्या वर्षी उतरायला नको.

इंदूरहून हरिद्वारच्या बाजूला थेट गाडी रोज मिळत नाही. तारीख जमली नाही तर दिल्लीमार्गे जा. जाण्या-येण्याचे दिवस वेगळे धरा आणि पाण्यावरचे सलग पाच दिवस ठेवा. पहिला दिवस हात मोकळे करायला, उरलेले चार एका लाटेला.

५. शिक्षक ठरवताना काय विचारायचं

माझे पैसे सगळ्यात वाया गेले ते इथे. मी फोनवर कायाकिंगचा कोर्स म्हणून तीन दिवस ठरवले आणि तिथे गेल्यावर मला हवा भरलेली रबरी बोट मिळाली, जिच्यात वरच बसतात. स्कर्ट नाही, रोल नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, ही पण कायाकच आहे. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण चूक माझीही होती. मी काही विचारलंच नव्हतं. तुम्ही हे विचारा:

- बोट कडक प्लास्टिकची, बंद तोंडाची आहे का? तिची लांबी किती?
- शिक्षक एक आणि शिकणारे किती? लाटेच्या कामाला दोनापेक्षा जास्त नकोत.
- शिक्षकांनी नदीतल्या बचावाचं प्रशिक्षण घेतलंय का?
- आम्हाला नदी उतरायची नाही, एका लाटेवर थांबायचंय. चालेल का?
- या आठवड्यात कुठली लाट लागली आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लाट पाण्याच्या पातळीवर ठरते. हातभर पाणी वाढलं की कालची लाट आज नुसता उंचवटा असतो. जो शिक्षक नदीवर रोज असतो तो लगेच सांगतो. जो आठवावं लागेल म्हणतो, त्याला सोडा. द वॉल, रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स ही राफ्टवाल्यांची गाजलेली नावं ऐकून हुरळून जाऊ नका. तुमची लाट बहुतेक एखाद्या लहान रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या उताराच्या, शेपटीला, नाव नसलेली असेल.

६. सामान

बोट इथून नेऊ नका. रेल्वेत डब्यात १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंतची पेटी चालते. त्यापेक्षा मोठं सामान पार्सल ऑफिसात नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये द्यावं लागतं, आणि फ्रीस्टाईलची सगळ्यात लहान बोटही पावणेदोन मीटरच्या आसपास असते. भाड्याने घ्या.

पहिले दोन दिवस नदी उतरायची मोठी कायाक मागा, साधारण अडीच मीटरची. ती माफ करते. तिसऱ्या दिवशी फ्रीस्टाईलची. तिचा तळ सपाट असतो, कडा धारदार, टोकं चपटी. लाटेवर ती भिंगरीसारखी फिरते, पण सपाट पाण्यावर जड जाते आणि कड चुकली की क्षणात उलटते. बसल्यावर पाय, मांड्या, कंबर बोटीला घट्ट लागायला हवेत. फटी असतील तर फोमचे तुकडे मागून भरा. सैल बोटीत कमरेचा झटका बोटीपर्यंत पोचतच नाही.

स्वतःचं न्या ते हे:

- हेल्मेट. हनुवटीचा पट्टा लावून समोरून वर ढकला. कपाळ उघडं पडलं तर ते तुमचं नाही.
- लाइफ जॅकेट, कायाकसाठीचं, आखूड. खांद्याला धरून कुणालातरी वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे.
- नाकाची चिमटी, दोन. एक हरवतेच.
- पायात घट्ट, पातळ तळाचे बूट. चप्पल आणि स्पोर्ट्‌स सँडल नको, त्यांचे पट्टे बोटीत अडकतात.
- वेटसूट किंवा निदान लोकरी बनियन. सुती कपडा ओला झाला की अंगातली ऊब खातो.
- शिट्टी, जॅकेटला बांधलेली.
- बायकांसाठी: डोक्यातून घालायचा मोठा टॉवेलचा झगा. रेतीवर कपडे बदलायला आडोसा मिळत नाही.
- सेव-परमल. लाटेवरच्या तासाभरानंतर जी भूक लागते तिला हेच पुरतं.

स्कर्ट मात्र तिथलाच घ्या. त्याचं माप बोटीच्या तोंडावरून ठरतं. वल्हं साधारण १९० ते १९५ सेंटिमीटरचं असावं, नदी उतरायच्या वल्ह्यापेक्षा थोडं आखूड. वाहून जाणाऱ्याकडे फेकायची वीसेक मीटर दोरीची थ्रो बॅग शिक्षकांकडे असते, ती काठावर कुणाच्या हातात असेल ते आधी ठरवून घ्या.

७. कागद

आधार कार्ड मूळ आणि झेरॉक्स, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली प्लास्टिकमध्ये बंद केलेली चिठ्ठी, आगाऊ पैशांची पावती. अठरा वर्षांखालचा कुणी बरोबर असेल तर पालकांचं सहीचं संमतिपत्र. विम्याची पॉलिसी असेल तर ती उघडून न मिळणाऱ्या गोष्टींची यादी वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये साहसी खेळ त्या यादीत असतात. खांदा कधी निखळला असेल तर डॉक्टरांना आणि शिक्षकांना दोघांनाही सांगा, लपवू नका.

८. लाटेसमोरचा पहिला तास काठावर घालवा

लाट दिसली की हात शिवशिवतात. तरीही खाली बसा. माझे शिक्षक टिहरीकडचे. त्यांना सगळे भैजी म्हणतात, मीही म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी मला चाळीस मिनिटं खडकावर बसवलं आणि एकच सांगितलं, ‘दीदी, पहले पानी पढ़ो।’

काय पाहायचं? लाटेच्या खालच्या अंगाला काय आहे: शांत डोह हवा. दुसरं रॅपिड, खडक किंवा अडकलेलं झाड असेल तर ती लाट तुमची नाही. दोन्ही बाजूंना एडी आहे का, म्हणजे वाहून गेल्यावर वल्हवत परत वर येता येईल. पाणी खोल आहे का, उलटल्यावर हेल्मेट दगडाला लागणार नाही एवढं. फेसाचा ढीग असेल तर त्याची टोकं बघा. ती प्रवाहाच्या खालच्या दिशेला वळलेली असतील तर पाणी तुम्हाला बाजूने सोडतं. वरच्या दिशेला वळलेली असतील तर परत मध्यात ओढतं.

एक काडी वरून टाका. ती लाटेवरून सरळ निघून गेली तर ठीक. घुटमळली तर किती वेळ, ते मोजा.

गंगेचं पाणीही दिवसात चढतं-उतरतं, कारण भागीरथीवर टिहरी धरण आहे. महेश्वरचा दगड इथेही ठेवा.

शेवटी, रांग. एडीत जो आधी आला त्याची पाळी आधी, लाटेवर एका वेळी एकच. वरून येणाऱ्याला वाट द्यायची. ऋषिकेशला सुट्टीच्या दिवशी एकामागून एक राफ्ट येतात, त्यांना चटकन वळता येत नाही. वर बघितल्याशिवाय एडी सोडू नका.

९. लाटेवर चढणं

एडीत जितकं वर जाता येईल तितकं जा, लाटेच्या रेषेपर्यंत किंवा किंचित वर. बहुतेक नवखे खालून शिरतात. मग ते लाटेच्या माथ्यावर चढायची धडपड करतात आणि दमून मागे वाहून जातात. लाट वरून घ्यायची असते.

नाक प्रवाहाच्या विरुद्ध, थोडंसं लाटेकडे तिरकं. फार तिरकं झालं तर प्रवाह नाक पकडून फिरवतो. एडीची रेघ ओलांडताना वरच्या अंगाची कड उचला, म्हणजे त्या बाजूचा गुडघा वर. दोन-तीन ठाम वल्ही मारा. नजर नाकावर नको, लाटेवर जिथे बसायचंय तिथे. मग मागचा भाग उचलला जाईल आणि बोट आपणहून पुढे घसरायला लागेल. ते जाणवलं की वल्हवणं थांबवा. हेच अवघड आहे. आपण घाबरून वल्हवत राहतो, बोट लाटेच्या तळाला जाते आणि नाक पाण्यात रुततं.

आता वल्हं मागे, बोटीला चिकटून, पाण्यात सुकाणूसारखं. हात खाली, कोपर अंगाशी. उजवीकडचं पातं बाहेर ढकललं की नाक उजवीकडे वळतं, डावीकडचं ढकललं की डावीकडे. नाक बुडायला लागलं तर किंचित मागे रेला आणि बोट थोडी तिरकी करा. मागे सरकत असाल तर पुढे वाका, एखादं वल्हं मारा. बस, एवढंच करत राहायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, किती वेळा धुऊन निघाल्यावर कोण जाणे, मी वल्हवणं थांबवलं आणि बोट थांबली. तळाखालून पाणी सळसळत होतं, प्लास्टिकची थरथर मांड्यांना लागत होती. डाव्या हाताला काठावर एक पांढरा दगड होता. तो माझ्याबरोबर उभा होता. सगळी नदी निघून जात होती आणि तो आणि मी समोरासमोर. मग मी आनंदाने मान वळवली आणि कड गेली.

कडेचा नियम असा: बोट प्रवाहाला आडवी किंवा तिरकी असताना वरच्या अंगाची कड पाण्यात कधी जाऊ द्यायची नाही. गेली तर पाणी तिच्यावर चढतं आणि तुम्ही वरच्या दिशेला आपटून उलटता. तोल नेहमी प्रवाहाच्या खालच्या दिशेला. आणि आधारासाठी वल्हं टेकवताना हात खांद्यापेक्षा वर किंवा मागे जाऊ देऊ नका. खांदे निखळतात ते असेच. माझ्याबरोबर शिकणाऱ्या महूच्या एका मुलाचा खांदा पहिल्याच सकाळी गेला. हात लांब करून पाणी धरायला गेला, एवढंच.

चौथ्या दिवशी, सर्फ दहा-बारा सेकंद टिकायला लागला असेल तर अर्धी गिरकी करून बघा. ती लाटेच्या तळाशी सुरू करू नका. बोट माथ्याजवळ असते तेव्हा पाण्याची पकड सैल असते. तिथे डोकं आधी वळवा, मग खांदे, मग कंबर. बोट मागून येते. पाठीमागे तोंड करून दोन सेकंद राहिलात तरी दिवस सार्थकी लागला. कोलांटी पुढच्या वर्षी.

१०. उलटलात तर

पुढे वाका, चेहरा बोटीजवळ आणा. लगेच रोल करू नका. लाटेतच उठलात तर तीच पुन्हा उलटवेल. दोन मोजा, पाणी तुम्हाला डोहात नेईल, आवाज मंदावेल, मग रोल. दोन प्रयत्न फसले तर बाहेर पडा, लाज नको. दम संपल्यावरचा तिसरा प्रयत्न पहिल्या दोनांपेक्षा वाईटच असतो.

पोहायला लागलं तर उताणे, पाय पुढे आणि पाण्याच्या वर. वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाऊल दगडात अडकलं की प्रवाह माणसाला तोंडावर पाडतो, आणि पाणी कमरेइतकंही असायची गरज नसते. दोरी आली की ती छातीशी धरा, हाताला गुंडाळू नका, आणि दोरी टाकणाऱ्याकडे पाठ करा. तीन शिट्ट्या म्हणजे मदत. वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा. हेल्मेटवर हात ठेवला म्हणजे मी ठीक आहे. समोरचा हात ठेवेपर्यंत त्याच्यावरून नजर हटवू नका.

११. संध्याकाळी आणि घरी आल्यावर

रोज संध्याकाळी वहीत तीन ओळी: पाणी कालच्यापेक्षा चढं की उतरतं, किती वेळा लाटेवर बसलात, कशामुळे पडलात. भैजींना दाखवा. मी तीन दिवस ‘तोल गेला’ लिहीत होते. त्यांनी विचारलं, कुठल्या बाजूला. मला सांगता आलं नाही. चौथ्या दिवशी मोजलं, तेव्हा नऊपैकी सात वेळा डावीकडे पडल्याचं दिसलं, म्हणजे डावा गुडघा उचलला जात नव्हता.

इंदुरात परतल्यावर सगळं सामान गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. उन्हात वेटसूट कडक होतो. खांदे दुखत असतील तर आठवडाभर तलावात जाऊ नका. त्यानंतर पहिला तास मात्र तलावातच, आणि ज्या बाजूला जास्त पडलात त्या बाजूचे रोल आधी. माझ्या वहीत अजून ‘डावा गुडघा’ असं दर पानावर वर लिहिलेलं आहे.